अकरावी ओळ

फ्रिजच्या दारावर यादी चिकटवली होती. वर बालकल्याण खात्याचा शिक्का, खाली अकरा ओळी. गजांमधून पोराचं डोकं जाणार नाही असा पाळणा. चालू फ्रिज. औषधांना कुलूप. गरम पाणी. न गळणारे नळ. कुत्रं घराबाहेर. छताला धूर झाला की वाजणारी घंटा. प्रत्येक ओळीपुढे एक चौकट, आणि त्या चौकटीत बरोबरची खूण करायचा हक्क एकाच बाईला. तिचं नाव मिस हॅलोरन. आदिवासींची सगळी वस्ती तिला यादीवाली म्हणायची.

लॉरेटाला आठवा संपत आला होता. पोर तीन आठवड्यांवर होतं, आणि यादी पुरी झाली नाही तर ते दवाखान्यातूनच परस्पर जाणार होतं. कुठे, ते खातं सांगत नाही. भल्यासाठी, एवढंच सांगतं.

लॉरेटावरच नजर का, त्याचंही कारण कागदावर होतं. ती चार वर्षांची असताना ह्याच खात्यानं तिला उचललं आणि अठराव्या वर्षी कपड्यांच्या दोन पिशव्या हातात देऊन सोडून दिलं. आता तेच खातं म्हणत होतं, आईचं बालपण खात्याकडे गेलेलं असल्यामुळे बाळाला धोका संभवतो. चोरानं घर फोडायचं आणि वर म्हणायचं, ह्या घरात चोऱ्या होतात, घर काही बरं नाही. पोराचा बाप डॅरिल तीनशे किलोमीटरवर गुरांच्या रानात कुंपणं घालत होता. त्याला खातं जमेस धरत नव्हतं, कारण लायसन्स नसताना गाडी चालवली म्हणून तो तीन आठवडे तुरुंगात जाऊन आला होता. गाडीत मागे लॉरेटाची आजी होती, श्वास लागलेली, आणि अँब्युलन्स येत नव्हती. हे कागदावर नव्हतं.

घर त्या आजीचं. ती उन्हाळ्यात गेली. तिचं नाव इथे येणार नाही. मेलेल्याचं नाव ह्या वस्तीत कुणी घेत नाही; कुन्मनारा म्हणतात, म्हणजे जिचं नाव घ्यायचं नाही ती. ती गेल्यावर सगळे घर सोडून तिच्या लेकीच्या, म्हणजे लॉरेटाच्या आयव्ही आत्याच्या, पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. कपडे जाळले, वस्तू लांबच्या नातेवाइकांना वाटल्या. मग आत्यानं ओल्या पाल्याचा धूर खोल्याखोल्यांतून फिरवला आणि फांदीनं अंगण झाडून म्हातारीच्या पावलांचे ठसे पुसून टाकले. इथे तोंड बघून माणूस ओळखायची गरज पडत नाही, तांबड्या मातीतला ठसा पुरतो. म्हणून ठसा राहिला तर माणूस राहिलं. ठसे पुसले, म्हातारी गेली. सगळं रीतसर झालं होतं.

मग यादी आली. खात्याला पक्का पत्ता पाहिजे होता, म्हणून लॉरेटा परत त्याच घरात आली. भाड्याच्या कागदावर नाव अजून म्हातारीचंच होतं. ज्या कचेरीला दोन वर्षांत एक नळ दुरुस्त करता येत नाही, तिला मेलेलं माणूस खोडायला किती वर्षं लागतील, हिशेब करा.

मंगळवारी भर दुपारी यादीवाली आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली, आवाज मधात बुडवलेला. लॉरेटाची आयव्ही आत्या, म्हणजे तिच्या मेलेल्या बापाची बहीण, दारात फांदीनं झाडत होती. यादीवालीनं पाळण्याचे गज टेपनं मोजले. छताच्या घंटेचं बटण दाबलं, ती किंचाळली, बाई खूश झाली.

"छान चाललंय हं, लॉरेटा. एक नळ तेवढा गळतोय."

"दोन वर्षं गळतोय, बाई. तुमच्याच लोकांना फोन करतोय."

"ते वेगळं खातं," यादीवाली म्हणाली. "आता शेवटची ओळ. घरात कायम राहणारं दुसरं जबाबदार माणूस."

"ही आत्या आहे की."

"आयव्ही, तुम्ही डायलिसिसवर असता ना? आठवड्यातले तीन दिवस शहरात."

"मशीनवर असते, बाई. फासावर नाही," आत्या म्हणाली.

यादीवाली हसली आणि लिहून घेतलं. ती विनोदसुद्धा लिहून घ्यायची. मग तिनं पान उलटलं. "भाड्याच्या कागदावर दुसरंच एक नाव आहे." आणि तिनं ते वाचलं.

आत्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. परक्या जिभेवरचं नाव म्हणजे दगडावरचं पाणी, त्याला मेलेलं माणूस मान वळवत नाही असं म्हणतात. तरी ऐकवत नाही.

"तुमच्या आजी ना ह्या? इथेच राहतात?"

कुन्मनारा, एवढा एक शब्द पुरला असता. पण तो यादीवालीला कळला असता तर तिनं नाव खोडलं असतं, आणि नावाबरोबर चौकट. लॉरेटाच्या डोळ्यांपुढे खात्याच्या गाडीची मागची काच आली. चार वर्षांची असताना त्याच काचेतून तिनं हे अंगण लहान लहान होत गेलेलं बघितलं होतं.

"हो. राहते," ती म्हणाली. यादीवालीचं पेन हललं नाही. तेव्हा लॉरेटानं नाव घेतलं. पुरं नाव, घरच्या जिभेनं, जसं म्हातारीला तिच्या आईनं शिकवलं असेल तसं. "ती इथेच राहते. बाळाला तीच सांभाळणार. आत्ता दुकानात गेलीय."

आत्याची फांदी थांबली. उंबऱ्याशी झोपलेलं कुत्रं उठलं आणि एक शब्द न करता अंगणाबाहेर गेलं.

"अरे वा," यादीवाली म्हणाली. "मग पुढच्या गुरुवारी त्यांना भेटते. एक सही घेतली की झालं."

गाडीची धूळ खाली बसली तशी आत्या वळली.

"तू तिला हाक मारलीस."

"मी खोटं बोलले, आत्या. हाक नाही मारली."

"मेलेल्यांना त्यातला फरक कळत नाही. घरचा आवाज, आपलं नाव, आणि वर बाळाला सांभाळ म्हणालीस. अजून काय पाहिजे तिला? तिकीट?"

"मग मी काय करायचं होतं? पोर देऊन टाकायचं?"

आत्यानं रस्त्याकडे बघितलं. साठ वर्षांमागे म्हातारीची दोन पोरं एका सकाळी सरकारी ट्रकमध्ये घालून नेली होती. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी तीन. परत आली नाहीत, चिठ्ठी नाही, थडगं नाही. आयव्ही त्यानंतर जन्मली, आणि लहानपणी आई तिला अंगभर राख फासून झाडीत लपवायची. इंजिनाचा आवाज आला की अजूनही आत्याचे पाय आधी झाडीकडे वळायचे.

"गुरुवारी तूच सांग, मीच ती म्हणून," लॉरेटा म्हणाली. "त्या बाईला आपण सगळ्या सारख्याच दिसतो."

"मेलेल्या आईचं नाव अंगावर घालू? कुणाचं डोकं फिरलंय इथे?" आत्या म्हणाली आणि फांदी टाकून निघून गेली.

बुधवारी सकाळी नळ गळायचा थांबला.

लॉरेटा त्याच्यासमोर उभी राहून बघत राहिली. दोन वर्षांची टपटप, आणि आता थेंब नाही. तिला बरं वाटलं. मग धुतलेल्या दुपट्यांचा ढीग दिसला. टोपलीत तिनं कोंबून ठेवली होती. ती आता पलंगावर होती, त्रिकोणी घडीची, एकावर एक. तिला वाटलं, आत्याचा राग गेला. दुसऱ्या दिवशी पाळण्याचा ढिला स्क्रू घट्ट झालेला होता. शुक्रवारी अंगण झाडलेलं, उंबऱ्यापासून फाटकापर्यंत.

आत्या शनिवारी मशीनवरून आली, हात बांधलेला, तोंड पिवळं.

"आत्या, इतकं नको करूस गं. झेपत नाही तुला."

"काय नको करू?"

"झाडलोट. दुपटी."

"मी काल दिवसभर शहरात होते," आत्या म्हणाली. "कुठली दुपटी?"

लॉरेटानं दाखवली. आत्यानं वरच्या दुपट्याला हात लावला नाही. लांबूनच बघितलं. तीन वेळा दुमडून टोक आत खोचलेली घडी. मिशनच्या धोबीघरात गोऱ्या बाया पोरींना छडी मारून शिकवायच्या ती. ती घडी घालणारं शेवटचं माणूस उन्हाळ्यात मेलं होतं.

"खिडकीत ते काय?" आत्यानं विचारलं.

खिडकीच्या कठड्यावर चघळलेल्या तंबाखूची गोळी होती, राखेत मळलेली. म्हातारी तोंडातली गोळी कानामागे ठेवायची, नाहीतर ह्याच कठड्यावर. लॉरेटानं बोट लावलं. गोळी ओली होती.

मग दोघी मागच्या खोलीत गेल्या. पाळण्यात पिटी ठेवलेली होती. पिटी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, बी पाखडायचं, पाणी आणायचं, आणि तान्हं पोर निजवून कमरेवर न्यायचं. म्हातारीची पिटी तिच्या आईच्या हातची. ती वस्तू आत्यानं स्वतः दोनशे किलोमीटरवरच्या मावसभावाला दिली होती. आता तिला ताजी चरबी चोळलेली, कडेला गेरूची तांबडी रेघ.

आत्यानं त्या मावसभावाला फोन लावला. "आमच्याकडची पिटी कुठंय रे?"

"खिळ्यावरून गायब झाली," भाऊ म्हणाला. "मंगळवारी. आम्ही पोरांना बडवलं फुकट. का गं?"

आत्यानं फोन बंद केला. लॉरेटा पिटीवर वाकली होती. आतलं लाकूड मधोमध ऊबदार होतं, नुकतंच कुणीतरी उचलून नेल्यासारखं. आणि तिच्या पोटातलं पोर, जे सकाळपासून गप्प होतं, ते सगळंच्या सगळं त्या बाजूला सरकलं.

"आज धूर करते," आत्या म्हणाली.

"नाही."

"पोरी, ऐक."

"गुरुवारी सही होऊ दे. मग कर."

"कुणाची सही? काय बोलतेयस ते कळतंय का तुला? तिची दोन पोरं हातातून ओढून नेली. साठ वर्षं ती रस्त्याकडे बघत बसली. तिच्या हातात पोर दिलंस तर ती परत देईल?"

"आणि यादीवाली देईल?"

आत्या खाली बसली. बाहेर ऊन नुसतं पांढरं होतं. दोन घेणारे, आणि मधे एक पोट.

"आजीशी निदान बोलता तरी येईल," लॉरेटा म्हणाली. "खात्याशी बोलून बघितलंय मी. चौदा वर्षं."

ते पाच दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. घर रोज जास्त तयार होत गेलं. भिंतीवरचे डाग गेले. औषधांच्या कपाटाच्या कुलपाला तेल दिलेलं. खिडकीची फाटकी जाळी शिवलेली, बारीक टाके, तारेऐवजी केसांनी. पांढऱ्या, लांब केसांनी. सकाळी अंगणात ठसे असायचे. अनवाणी, बारीक, डाव्या पायाला करंगळी नाही. म्हातारीची करंगळी लहानपणीच कुऱ्हाडीखाली गेली होती. ठसे मागच्या खोलीतून निघून फाटकापर्यंत जायचे, तिथे बराच वेळ उभं राहिल्यासारखे खोल व्हायचे आणि परत यायचे. लॉरेटा ते पुसायची नाही. दुपारी पंख्याखाली पडली की मागच्या खोलीतून गुणगुण यायची, आणि पोर त्या तालावर पाय मारायचं. तिला ती चाल ठाऊक नव्हती. ती शिकायच्या आत तिला गाडीत घातलं होतं.

गुरुवारी यादीवाली आली तेव्हा आत्या ओसरीत बसून होती, पाल्याचा भारा मागे लपवलेला.

"अगं बाई, नळ थांबला की," यादीवाली म्हणाली.

"तुम्ही येणार म्हणून लाजला असेल," आत्या म्हणाली.

"आजी आहेत ना आज?"

लॉरेटानं सांगायचं ठरवलं होतं की आजी झोपलीय, कागद ठेवून जा. पण तोंड उघडायच्या आत यादीवाली मागच्या खोलीच्या दाराशी पोचली होती. परवानगी न विचारता दारं उघडायची त्यांना नोकरीतच सवय लागते. दार तिच्यामागे आपसूक लागलं.

दोघी बसून राहिल्या. आत यादीवालीचा आवाज, मग थांबणं, मग पुन्हा तिचाच आवाज. मधल्या थांबण्यात काही ऐकू येत नव्हतं. आत्यानं लॉरेटाचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

यादीवाली बाहेर आली ती दंड चोळत. "किती गोड आहेत हो. इंग्रजी थोडंच येतं, नाही का? तिथे एसी कुठे लावलाय? हात बर्फासारखे त्यांचे."

त्या घरात एसी नव्हता.

"मला विचारत होत्या, ट्रक आणलाय का म्हणून." यादीवाली हसली. "मी म्हटलं, नाही हो आजी, माझी छोटी गाडी आहे. तीन-तीनदा विचारलं. मग म्हणाल्या, ह्या वेळी मी कुणालाच देणार नाही. घट्ट धरून बसणार. खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एवढं प्रेम असल्यावर आम्हाला काय पाहिजे."

तिनं कागद दाखवला. अकराव्या ओळीपुढे तिची खूण होती, आणि खाली सहीच्या जागी गेरूचा तांबडा अंगठा.

"सही येत नाही म्हणाल्या. चालतं आम्हाला," यादीवाली म्हणाली. "घर तयार आहे, लॉरेटा. अभिनंदन."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी आत्यानं अर्ध्या कापलेल्या पिंपात निखारे टाकले आणि वर ओला पाला. पांढरा, कडवट धूर उठला. दोघींनी पिंप पत्र्यावर ठेवून ओढत घरात आणलं. स्वयंपाकघर, पुढची खोली, न्हाणीघर. छताची घंटा यादीप्रमाणे किंचाळायला हवी होती. ती गप्प राहिली.

मागच्या खोलीच्या दाराशी धूर थांबला. दार सताड उघडं, आणि धूर चौकटीत भिंतीसारखा उभा. आत्यानं फांदीनं ढकलला, तो तिच्याच तोंडावर परत आला. आत पाळणा हलत होता, अगदी हळू, पिटीसकट.

"मुलीनं सांगून ती ऐकणार नाही," आत्या खोकत म्हणाली. "ज्यानं बोलावलं त्यानं सांगायचं असतं."

लॉरेटा पोट धरून चौकटीत उभी राहिली. नाव तिनं घेतलं नाही.

"आजी," ती म्हणाली. "तुझी पोरं त्यांनी नेली. मी नेली नाहीत. हे माझं आहे. ह्याला त्यांनी नेलं काय आणि तू नेलंस काय, माझे हात रिकामेच."

पाळणा हलत राहिला.

"घर तू तयार केलंस. मला एकटीला जमलं नसतं. पण घरात मी राहणार. तुला राखायचंच असेल तर बाहेरून राख."

पाळणा थांबला. धूर एकदम आत गेला, कुणी श्वास ओढून घ्यावा तसा, आणि त्याच क्षणी छताची घंटा किंचाळायला लागली. आत्यानं पिटी उचलली आणि बाहेर नेऊन विस्तवावर ठेवली. जुनं, वाळलेलं लाकूड. दोन मिनिटांत राख व्हायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत जळत होतं. मग दोघींनी उंबऱ्यापासून उलटं उलटं चालत अंगण झाडलं, फाटकापर्यंत, एक ठसा न ठेवता.

मुलगी झाली. तीन किलो, डोक्यावर भरपूर जावळ. दवाखान्यात कुणी कागद घेऊन आलं नाही. डॅरिल रात्रभर बस बदलत आला, तिला बघून रडला आणि झोपून गेला. पाचव्या दिवशी लॉरेटा पोर घेऊन घरी आली तेव्हा आत्या फाटकाशी फांदी घेऊन उभी होती, झाडता झाडता थांबलेली.

फाटकाबाहेरच्या मातीत ठसे होते. डाव्या पायाला करंगळी नाही. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन जोड्या, लहान पोरांच्या. एक पाच वर्षांच्या मुलाएवढी, एक त्याहून बारीक. तिन्हींची बोटं रस्त्याकडे.

"आतमधे नाहीत," आत्या म्हणाली. "मी सगळं बघितलं. तू बाहेरून राख म्हणालीस."

"झाड की."

"तू झाड," आत्या म्हणाली आणि फांदी तिच्यापुढे धरली. लॉरेटानं घेतली नाही.

महिन्याभरानं यादीवाली पाहणीला आली. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबली. ती काचेआडून बराच वेळ समोर बघत होती, जणू गाडीपुढे कुणी उभं आहे. मग तिनं गाडी मागे घेतली, वळवली, आणि गेली. पुढच्या आठवड्यात पत्र आलं की पाहणी समाधानकारक झाली.

वस्ती हसली. आत्याही हसली. लॉरेटा हसली नाही. तिनं सांगितलं होतं तेवढंच म्हातारीनं ऐकलं होतं, आणि ते कुठवर, हे दोघींत ठरलं नव्हतं. पोर आता बसायला लागलंय, आणि रोज फाटकाकडे बघून हात पुढे करतं, उचलून घे म्हटल्यासारखं.

म्हणून लॉरेटा अजूनही पहाटे, पोराला पाजायच्या आधी, अनवाणी फाटकापर्यंत जाते आणि वाकून बघते, बोटं कुठे वळलीत. आजवर तरी रस्त्याकडेच आहेत.